सळई ठोकायच्या आधी: परदेशातलं भाड्याचं घर आणि अर्थिंग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. परदेशात एका जुन्या घरात भाड्याने राहायला आलात. खोल्यांमधले सॉकेट दोन पिनांचे, बाथरूम आणि स्वयंपाकघरातले मात्र तीन पिनांचे. लॅपटॉप चार्जिंगला लावला की हाताला झिणझिण्या येतात. बाथरूममधल्या वॉशिंग मशीनला ओला हात लागला की चावल्यासारखं होतं. घरमालक म्हणतो, इतकी वर्षं कुणाची तक्रार नव्हती. ओळखीच्या एका कारागिराने सुचवलंय की बागेत सळई ठोकून तिथून मशीनच्या बॉडीला वायर आणून देतो, काम फत्ते. शिवाय पुढेमागे हेच घर विकत घ्यायचं मनात आहे, तेव्हा आताच वायरिंगवर खर्च करावा का?

आधी सगळ्यात निकडीचं सांगतो: सळई ठोकू देऊ नका. का ते पुढे येईल. आणि मशीन तपासून होईपर्यंत वापरलंच तर त्यात कपडे टाकताना-काढताना प्लग भिंतीतून काढून ठेवा. बटण बंद करणं पुरेसं नाही.

आता लॅपटॉप. या झिणझिण्या आणि मशीनचं चावणं या दोन गोष्टी तुम्ही एकत्र धरल्या आहेत. चार्जर लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या झाकणावरून बोटाचं टोक अगदी हलकं फिरवून बघा. मखमलीवरून उलटा हात फिरवावा तशी खरखर लागेल. बोट जागेवर थांबवलं की खरखर गायब. चार्जर काढला की तेच झाकण काचेसारखं गुळगुळीत. चार्जरमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून अगदी किरकोळ करंट बाहेरच्या बाजूला झिरपतो. चौकोनात चौकोन असं चिन्ह ज्या चार्जरवर असतं, म्हणजे दुहेरी इन्सुलेशनवाला, त्यात हा करंट साधारण पाव मिलिअँपच्या आत ठेवलेला असतो. माणसाला करंट जाणवायला लागतो तो अर्धा मिलिअँपच्या आसपास, पण नाजूक कातडीला त्याहून कमीही कळतो. चार्जर अस्सल आणि धड असेल तर हे त्रासदायक आहे, धोक्याचं नाही. तीन पिनांचा चार्जर खऱ्या अर्थिंगच्या सॉकेटमध्ये लावलात तर बहुतेक वेळा खरखर जाते.

मशीनचं तसं नाही. त्याची बॉडी धातूची आणि पोटात पाणी तापवणारी कॉइल. त्याच्या फिल्टरमध्येही कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला आणि एक न्यूट्रलकडून बॉडीला. अर्थ जोडलेली असेल तर झिरपणारा करंट तिकडून निमूट निघून जातो. अर्थ नसेल तर बॉडी मधल्यामध्ये लटकते. म्हणजे २३० व्होल्टच्या देशात मल्टिमीटर लावलात तर बॉडीवर १००-११५ व्होल्ट दिसतात आणि माणूस घाबरतो. त्यामागे दम नसतो, कारण कपॅसिटर करंट अडवून धरतो. पण अडचण अशी की कॉइलचं इन्सुलेशन गेलं असेल तरीही सुरुवातीला असंच चावतं, आणि तेव्हा करंट अडवायला तुमच्या अंगाशिवाय मध्ये काहीच नसतं. दहा मिलिअँपच्या पुढे स्नायू आखडतात, पकडलेली वस्तू सुटत नाही. हाताला दोन्ही प्रकार सारखेच लागतात. 'थोडंसंच तर लागतं' हा निकष म्हणून वापरू नका.

तुमच्या वर्णनात मला खटकलं ते वेगळंच. मशीन तीन पिनांच्या सॉकेटवर आहे आणि तरीही चावतं. म्हणजे तिसऱ्या पिनेची, अर्थची, जोडणी कुठेतरी तुटलेली आहे. ती कुठे तुटली हे शोधणं हे खरं काम आहे, आणि त्याला बागेत जावं लागत नाही.

पहिला संशय अडॅप्टरवर घ्या. दुसऱ्या देशातून आणलेल्या यंत्राचा प्लग तिथल्या भिंतीत बसत नाही, मग 'जगभर चालणारा' अडॅप्टर येतो. तो उलटा करून बघा: पुढे तीन भोकं आणि मागे दोनच पिना, असं असेल तर अर्थ तिथेच संपली. कधीकधी तिन्ही पिना असूनही जुळत नाहीत. जर्मन पद्धतीच्या प्लगची अर्थ कडेच्या पत्र्यांवर असते, फ्रेंच सॉकेटमध्ये ती पिन भिंतीतून बाहेर आलेली असते. जर्मन प्लग जुन्या डॅनिश सॉकेटमध्ये व्यवस्थित बसतो, यंत्र चालतं आणि अर्थ मात्र कुठेच टेकत नाही. बसलं म्हणजे जुळलं असं नसतं. वॉशिंग मशीन, गिझर, ओव्हन, इस्त्री असल्या वस्तूंना अडॅप्टर लावूच नये, प्लगच तिथला बसवून घ्यावा. तीच गोष्ट व्होल्टेज बदलणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची: ११० चं २२० करून देतो म्हणून तो अर्थिंगही पैदा करतो असा गैरसमज फार आहे. भिंतीत अर्थ नसेल तर त्याच्या तीन पिनांच्या सॉकेटातही ती नसणारच.

अडॅप्टर नसेल तर संशय सॉकेटवर. मी कामानिमित्त परदेशात असताना भाड्याच्या घरात फ्रिजची बॉडी चावायची. मेन बंद केला, सॉकेटची पट्टी काढली. फेजच्या आणि न्यूट्रलच्या स्क्रूखाली वर्षानुवर्षांचं काळपटलेलं तांबं, आणि मधला अर्थचा स्क्रू कारखान्यातून आला तसा चकचकीत. त्याला कधी वायर शिवलीच नव्हती. कुणीतरी दोन पिनांचा जुना सॉकेट काढून तीन पिनांचा नवा लावला होता, कारण प्लग बसत नव्हता. ही जगात सगळीकडे चालणारी लबाडी आहे. (हे मी विजेच्या कामातला माणूस म्हणून केलं. तुम्ही पट्टी उघडू नका. ऑस्ट्रेलियासारख्या देशात साधा सॉकेट बदलणंही बिनपरवाना माणसाला मना आहे.)

याहून वाईट प्रकार म्हणजे सॉकेटच्या आत अर्थचा स्क्रू वायरीच्या तुकड्याने न्यूट्रलला जोडून टाकणं. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर लावला तर तो सगळं ठीक दाखवतो, कारण त्याला न्यूट्रल आणि अर्थ यातला फरक कळत नाही. पण मागे कुठे न्यूट्रल सुटली की फ्रिजच्या बॉडीवर थेट फेज येते. गंमत अशी की जर्मनीत हीच पद्धत एकेकाळी रीतसर होती. दोनच वायरी, आणि न्यूट्रलच अर्थचंही काम करायची. पश्चिम जर्मनीत १९७३ पासून नव्या घरगुती वायरिंगला ती बंद झाली, पण जुन्या घरांत आजही सापडते. म्हणून एकट्या टेस्टरच्या हिरव्या दिव्यांवर विश्वास ठेवू नका.

आता सळई. 'अर्थिंग' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मीठ-कोळशाचा खड्डा येतो आणि वाटतं, करंट जमिनीत जातो आणि जिरतो. करंट जमिनीत जिरत नाही. तो ज्या ट्रान्सफॉर्मरमधून आला तिथे परत जायला धडपडतो. अर्थिंगचं काम म्हणजे बिघाड झाला की या परतीसाठी इतका मोकळा रस्ता द्यायचा की करंटचा लोंढा वाहील आणि एमसीबी (करंट वाजवीपेक्षा वाढला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच) पडेल.

हिशेबच करू. अर्थची तांब्याची वायर थेट पुरवठ्याच्या न्यूट्रलपर्यंत गेली असेल तर पूर्ण फेऱ्याचा रोध अर्ध्या ओहमच्या आसपास असू शकतो. २३० भागिले अर्धा, म्हणजे ४६० अँप. घरगुती 'बी' प्रकारच्या १६ अँपच्या एमसीबीला तडक पडायला ८० अँप पुरतात, तेव्हा डोळ्याची पापणी लवायच्या आत तो पडतो. आता तुमच्या कारागिराची सळई घ्या. एकट्या सळईचा जमिनीशी रोध ५० ओहम आला तरी बरा म्हणायचा, कोरड्या किंवा खडकाळ जागी शेकड्यात जातो. २३० भागिले ५० म्हणजे ४.६ अँप. १६ अँपच्या एमसीबीला हे नेहमीचं घरगुती ओझं वाटतं, तो जन्मात पडणार नाही. ट्रान्सफॉर्मरकडच्या जमिनीचा रोध ५ ओहम धरला तर मशीनच्या बॉडीवर २०९ व्होल्ट तसेच बसून राहतील. म्हणजे चावणं थांबेल, कारण कपॅसिटरचा किरकोळ करंट सळईतून निघून जाईल, पण खरा बिघाड होईल त्या दिवशी सळईचा उपयोग शून्य. धोक्याची सूचना देणारी घंटा तेवढी काढून टाकल्यासारखं होईल.

दुसरं म्हणजे, एका घरात दोन वेगळ्या अर्थ ठेवणं हाच धोका आहे. मशीन बागेतल्या सळईवर, शेजारचा नळ घराच्या जुन्या पाइपावर. बिघाडाच्या वेळी या दोघांत दोनशे व्होल्टच्या आसपास फरक पडू शकतो, आणि एक हात मशीनवर, एक नळावर असलेला माणूस मध्ये सापडतो. घरातल्या साऱ्या अर्थ, पाण्याचे-गॅसचे धातूचे पाइप, सगळं मेन बोर्डाजवळच्या एकाच पट्टीवर यायला हवं. गॅसच्या पाइपाला अर्थ म्हणून वापरायचं मात्र कधीच नाही.

म्हणजे सळई वाईट का? नाही. तुम्ही देश लिहिलेला नाही, आणि उत्तर तिथेच फिरतं. फ्रान्स, इटली, स्पेन, जपान इथे बहुतेक घरांना स्वतःचीच जमिनीतली अर्थ असते, पुरवठा कंपनी अर्थची वायर देत नाही. तिथे सळई रीतसर आहे, पण तिच्या जोडीला मेन बोर्डात आरसीसीबी (करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, त्याचं पुढे येईल) हवाच, एकटी सळई कुठेच नाही. जर्मनी, ब्रिटनमध्ये बऱ्याच घरांना अर्थ पुरवठ्याबरोबरच येते. अमेरिकेत सळई असतेच, पण एमसीबी पाडायचं काम मेन बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ जिथे एकदाच जोडलेल्या असतात त्या सांध्यावर होतं. तिथल्या नियमानुसार एका सळईचा रोध २५ ओहमच्या वर निघाला तर दुसरी ठोकायची, एवढंच. नॉर्वेत तर बऱ्याच घरांत न्यूट्रलच नाही, दोन फेजमध्येच २३० व्होल्ट. तिथे आपल्याकडचा वायरमन न्यूट्रल शोधत बसेल. फिलिपिन्समध्ये सॉकेट अमेरिकन चपट्या पिनांचं आणि आत २३० व्होल्ट, म्हणजे अमेरिकेतून आणलेलं १२० व्होल्टचं यंत्र सुखाने बसतं आणि लगेच जळतं. जपानमध्ये १०० व्होल्ट, सॉकेट बहुतांशी दोन पिनांचे, पण वॉशिंग मशीन, फ्रिज, मायक्रोवेव्हच्या जागी सॉकेटखाली एक छोटं झाकण आणि आत स्क्रू असतो. मशीनमागची हिरवी किंवा हिरवी-पिवळी मोकळी वायर त्याखाली घट्ट करायची असते. परदेशातून आलेले कितीतरी लोक ती वायर गुंडाळून मशीनमागे टाकून देतात. तुम्ही जपानात असाल तर आधी तेवढंच बघा.

खोल्यांमधले दोन पिनांचे सॉकेट हा दोष आहे का? बांधलं तेव्हा नव्हता. लाकडी जमीन, कोरडी खोली, हाताशी नळ-पाइप नाही, तेव्हा अर्थ न देण्यामागे विचार होता. अमेरिकेत नव्या कामाला तीन पिनांचे सॉकेट सगळीकडे सक्तीचे झाले ते १९६२ पासून. जुनं काम जुन्या नियमाने चालू ठेवायला बहुतेक देश मुभा देतात. पण त्या खोलीत धातूच्या बॉडीचा हीटर तीन पिना दोनात कोंबून लावलात की तो विचार कोलमडतो.

मग तातडीने काय? आरसीसीबी. जुने लोक ईएलसीबी म्हणतात, अमेरिकेत जीएफसीआय. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का हे तो मोजतो. ३० मिलिअँपचा फरक पडला की ३०० मिलिसेकंदांच्या आत तोडतो, फरक मोठा असेल तर ४० च्या आत. अमेरिकन प्रकार ५ मिलिअँपच्या आसपासच पडतो. याचं मोठेपण असं की सळईचा रोध ५० ओहम असो की २००, याला फरक पडत नाही. अर्थ अजिबात नसली तरी तो काम करतो, फक्त तेव्हा गळतीचा रस्ता तुमच्या अंगातून जातो आणि एक झटका बसल्यावर तो पडतो. अर्थ असेल तर बिघाड होताक्षणीच पडतो, तुम्ही त्या खोलीत नसलात तरी. अमेरिकेत म्हणूनच अर्थ नसलेल्या जुन्या वायरिंगवर जीएफसीआय लावून तीन पिनांचा सॉकेट बसवायला परवानगी आहे, त्यावर 'अर्थ नाही' असं लेबल मात्र लावावं लागतं. डेन्मार्कमध्ये २००८ पासून घर कितीही जुनं असो, आरसीसीबी सक्तीचा आहे.

तुमच्या बोर्डात 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं बटण आहे का बघा. असेल तर दाबा. खटकन पडला तर निदान ते यंत्र जिवंत आहे. बोर्डात नसेल तर प्लगमध्येच आरसीडी, म्हणजे हेच गळतीचं संरक्षण, असलेली पोर्टेबल वस्तू मिळते, ती मशीनला लावा. ती तुमची असते, घर सोडताना बरोबर नेता येते, आणि कुणाची परवानगी लागत नाही.

आता घरमालक. परदेशात आपण भाडेकरू म्हणून जरा दबूनच असतो. भाषा पुरती येत नाही, व्हिसा डोक्यावर, आणि 'उगाच कटकट नको'. म्हणून आपण तोंडी सांगतो, तो तोंडी हसतो, संपलं. लेखी कळवा, तारीख घाला, तिथल्याच भाषेत. आणि शब्द जपून वापरा: 'वायरिंग नवीन करून द्या' असं लिहिलंत तर ती सुधारणा झाली, मालक नाही म्हणू शकतो. 'बाथरूममधल्या तीन पिनांच्या सॉकेटला अर्थ जोडलेली नाही, यंत्राच्या बॉडीला करंट येतो, परवानाधारक माणसाकडून तपासून लेखी अहवाल द्या' असं लिहिलंत तर ती धोकादायक दुरुस्ती झाली, आणि बहुतेक ठिकाणी ती मालकाच्या गळ्यात येते.

कायद्याचा पाठिंबा किती, हे देशागणिक फार बदलतं. इंग्लंडमध्ये २०२० च्या नियमांनुसार खासगी भाड्याच्या घराची वीज दर पाच वर्षांनी किंवा त्याआधी योग्य माणसाकडून तपासून घेणं मालकाला बंधनकारक आहे. अहवालाची प्रत नव्या भाडेकरूला राहायला येण्याआधी मिळायला हवी, आणि धोकादायक दोष निघाला तर २८ दिवसांत, अहवालात लवकरची मुदत असेल तर तेवढ्यात, दुरुस्ती करावी लागते. तो कागद तुम्ही मागितला नसेल तर आजच मागा. फ्रान्समध्ये १५ वर्षांहून जुन्या वायरिंगचा तपासणी अहवाल भाडेकराराला जोडावा लागतो, तो सहा वर्षं चालतो, घर विकताना तीनच. मात्र तो माहितीपुरता असतो, दोष दिसले म्हणून लगेच काम करायलाच हवं असं नाही. जर्मनीत उलट आहे. तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं की ठोस कारण नसेल तर मालकावर ठरावीक काळाने वायरिंग तपासायचं बंधन नाही. त्याच न्यायालयाने २००४ मध्ये मात्र असंही ठरवलं की जुन्या घरातही वॉशिंग मशीनसारखं एक मोठं यंत्र आणि त्याच वेळी आणखी एखादं घरगुती यंत्र चालेल एवढी वीज भाडेकरूला मिळालीच पाहिजे. बॉडीला करंट येणं हे 'ठोस कारण' आहे, म्हणून ते लेखी असणं तिथे जास्तच महत्त्वाचं.

आणि आपल्या हाताने काही करून ठेवलंत तर बाजू उलटते. आग लागली, कुणाला शॉक बसला, तर विमा कंपनी पहिला प्रश्न विचारते की ही वायर कुणी ओढली. बिनपरवाना माणसाने, मालकाला न विचारता, बागेतून खिडकीतून आणलेली वायर हे उत्तर तुम्हाला द्यावं लागू नये. सळईला माझा विरोध आहे त्यातलं निम्मं कारण हेच.

विकत घ्यायचंच असेल तर आता खर्च करू नका. वायरिंगचे पैसे भिंतीत जातात आणि भिंत ज्याची त्याचेच होतात. त्याआधी तुम्हाला ती भिंत घेताच येते का ते बघा. थायलंडमध्ये परदेशी माणसाला जमीन नावावर घेता येत नाही. इमारतीतला फ्लॅट घेता येतो, तोही एकूण क्षेत्राच्या ४९ टक्क्यांच्या मर्यादेत. जमिनीचा भाडेपट्टा एका वेळी जास्तीत जास्त ३० वर्षांचा, आणि तीन वर्षांहून मोठा असेल तर नोंदवावाच लागतो, नाहीतर तीन वर्षांपुढे त्याला कोर्टात किंमत नाही. फिलिपिन्समध्येही जमीन नाही, इमारतीत ४० टक्के. अशा ठिकाणी वायरिंग कोण करणार, पट्टा संपल्यावर त्याचं काय, वीजमीटर कुणाच्या नावावर, हे करारातच लिहून घ्यायचं असतं.

खरेदी शक्य असेल तर सौद्याआधी स्वतःच्या पैशाने स्वतःचा माणूस आणून तपासणी करा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. आणि 'सगळं ओके आहे' हे वाक्य नको, आकडे मागा: प्रत्येक सर्किटचा अर्थ फेऱ्याचा रोध, ५०० व्होल्टच्या मेगरने मोजलेलं इन्सुलेशन (एक मेगाओहमच्या खाली असेल तर वायर थकली), आणि आरसीसीबी किती मिलिसेकंदांत पडला. वायरवर कापडाचं किंवा रबराचं वेष्टन दिसलं, किंवा अमेरिकेत १९६५ ते १९७३ च्या दरम्यानचं ॲल्युमिनियमचं वायरिंग निघालं, तर ते तुकड्या-तुकड्याने दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका. पूर्ण नव्या वायरिंगचा लेखी अंदाज घ्या आणि तो घराच्या किमतीतून वजा मागा. सौदा करताना त्या कागदासारखं हत्यार नाही. 'मला वाटतं वायरिंग जुनं आहे' याला विकणारा हसतो, ०.४ मेगाओहमला हसत नाही.

देश, घर बांधल्याचं साल, आणि मेन बोर्डाचा झाकण न उघडता काढलेला फोटो एवढं कळवलंत तर पुढचं नेमकं सांगता येईल. मशीन अडॅप्टरवर आहे की थेट भिंतीत, हेही लिहा. माझा अंदाज अडॅप्टरवर आहे.